टायमिंग बेल्ट बदलताना क्रँक धरायचा कसा?

टायमिंग बेल्टचं किट घेऊन पहिल्यांदा कामाला बसणाऱ्याच्या मनात एकच धास्ती असते, क्रँक (पिस्टन फिरवतात तो मुख्य दांडा) आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) यांचे मार्क जुळतील की नाही. मार्क जुळवणं शांत डोक्याने केलं तर जमतं. घोटाळा होतो त्याच्या आधी, क्रँक पुलीच्या मधल्या बोल्टपाशी. सॉकेट लावून जोर दिला की बोल्ट सुटण्याऐवजी इंजिनच फिरायला लागतं. मग हाताशी असेल ते अडकवायची धडपड सुरू होते, आणि सगळ्यात जवळ असते ती किटमधली टायमिंग पिन. ती ब्लॉकमध्ये बसवतात, पान्ह्यावर लांब पाईप चढवतात आणि जोर देतात. पिन वाकते, नाही तर तुटून तिचा तुकडा आत राहतो. जास्त वाईट म्हणजे ब्लॉकमधले आटे जातात आणि बेल्टच्या कामाचं इंजिन खोलायचं काम होऊन बसतं.

टायमिंग पिन क्रँकची जागा दाखवण्यासाठी असते. बोल्टचा जोर झेलायला दुसरं साधन लागतं, आणि तो जोर सुरू असताना पिन इंजिनच्या बाहेर, ट्रेमध्ये असायला हवी. नवशिक्याने या कामातून एवढी एक गोष्ट जरी पक्की केली तरी बरीच इंजिनं वाचतील.

उदाहरणासाठी रेनोचं 1.5 डीसीआय, म्हणजे के9के हे 1461 सीसीचं डिझेल इंजिन घेतो. महाराष्ट्रातल्या गॅरेजना ते चांगलं ओळखीचं आहे. महिंद्रा-रेनोची लोगान 2007 पासून नाशिकला बनत होती, तिच्या डिझेल मॉडेलमध्ये हेच इंजिन होतं. पुढे व्हेरिटो आणि 2012 मध्ये आलेली डस्टर यांची डिझेल मॉडेलंही याच इंजिनावर धावली. 2020 मध्ये बीएस6 आल्यावर आपल्याकडे नवीन गाड्यांत ते मिळणं थांबलं, पण रस्त्यावरच्या गाड्यांना बेल्ट लागतोच. या इंजिनात बेल्ट तुटला किंवा टायमिंग चुकलं तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात. म्हणून सांभाळून काम करायचं.

जोर किती आणि तो पडतो कुठे

क्रँकचे बोल्ट घट्ट असतात म्हणजे किती, हे आकड्यात बघू. फोक्सवॅगनच्या 1.6 टीडीआयमध्ये क्रँक स्प्रॉकेटचा, म्हणजे बेल्ट ज्यावर बसतो त्या दातेरी चाकाचा, मधला बोल्ट 120 न्यूटन-मीटरला आवळून वर आणखी 90 अंश फिरवायचा असतो. 120 न्यूटन-मीटर म्हणजे मीटरभर लांब दांड्याच्या टोकाला साधारण 12 किलो वजन टांगल्याइतका जोर. त्यावर पाव फेरी दिली की प्रत्यक्ष जोर बराच वर जातो. जुना, गंजलेला बोल्ट सोडवताना त्याहून जास्त लागू शकतो. हिशेबाला सोपं म्हणून 200 न्यूटन-मीटर धरू.

हे 200 न्यूटन-मीटर कुठे तरी अडवायचे आहेत. टायमिंग पिन क्रँकवरच्या काउंटरवेटला (तोल सांभाळणाऱ्या जड भागाला) टेकते ती जागा क्रँकच्या मध्यापासून समजा 5 सेंटीमीटरवर आहे. तिथे पिनवर 4000 न्यूटन, म्हणजे जवळजवळ 400 किलोचा दाब येतो, आणि तोही बारीक पिनच्या टोकावर, आडवा. आता हाच जोर फ्लायव्हीलच्या रिंग गिअरवर, म्हणजे त्याच्या कडेच्या दातेरी कड्यावर, अडवला तर? रिंग गिअरचे दाते मध्यापासून 13 सेंटीमीटरच्या आसपास असतात. तिथे साधारण 155 किलो येतात. आणि पुलीला 60 सेंटीमीटर लांबीचा होल्डर लावून धरलं तर टोकाला फक्त 34 किलो. दार ढकलताना कडीजवळ हात लावला तर बोटाने सरकतं आणि बिजागरीजवळ लावला तर खांदा लावावा लागतो, त्यातलाच प्रकार.

म्हणजे क्रँक मध्यापासून जितका लांब धराल तितकं धरणाऱ्या वस्तूला सोपं. पुढच्या सगळ्या पद्धती याच एका मापाने तपासून बघा.

आधी विचारा, हा बोल्ट खोलायचाच आहे का?

हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात, आणि बऱ्याचदा अर्धं काम इथेच वाचतं. वर ज्या 1.6 टीडीआयचं उदाहरण दिलं त्यात बाहेरची पुली चार छोट्या बोल्टांनी स्प्रॉकेटला लावलेली असते. बेल्ट बदलायला ते चार छोटे बोल्ट काढले की पुली हातात येते. मधल्या मोठ्या बोल्टला हात लावायची गरजच नसते. तो फक्त स्प्रॉकेट किंवा त्याच्या मागचं ऑईल सील बदलायचं असेल तरच खोलायचा. जुन्या मारुती झेन आणि एस्टीमच्या इंजिनांतही पुली अशीच छोट्या बोल्टांवर असते.

अशा इंजिनात मधल्या बोल्टवर सॉकेट लावून क्रँक धरायचा आणि छोटे बोल्ट सोडवायचे. पण मधला बोल्ट घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेने ओढला जाणार नाही एवढं बघा, नाही तर जे खोलायचं नव्हतं तेच ढिलं होऊन बसेल.

के9केमध्ये ही सवलत नाही. पुली मधल्या एकाच बोल्टवर आहे आणि तिच्या मागे बेल्टचं खालचं कव्हर अडकलेलं असतं. बोल्ट खोलावाच लागतो.

तीन वेळा धरायचं, तीन वेगळ्या कारणांनी

क्रँक धरायची वेळ या कामात तीनदा येते. पहिल्यांदा बोल्ट सोडवताना, तेव्हा जोर प्रचंड असतो पण क्रँक नेमका कुठे थांबला याला महत्त्व नसतं. दुसऱ्यांदा बेल्ट बाहेर असताना, तेव्हा जोर जवळजवळ शून्य असतो पण क्रँक एक अंशही हलायला नको. तिसऱ्यांदा बोल्ट परत आवळताना, तेव्हा जोरही मोठा आणि अँगल मोजायचा असल्यामुळे क्रँक खिळल्यासारखा स्थिर हवा. टायमिंग पिन यातल्या फक्त दुसऱ्या वेळेसाठी आहे. पहिल्या आणि तिसऱ्या वेळेला तिचा संबंध नाही.

मोठा जोर धरायच्या पद्धती

माझ्या मते सगळ्यात भरवशाची पद्धत फ्लायव्हील लॉकची. दाते असलेला एक लोखंडी तुकडा बेल हाउसिंगला (फ्लायव्हीलभोवतीच्या कवचाला) बोल्टने बसवायचा, त्याचे दाते रिंग गिअरमध्ये अडकतात. बेल हाउसिंगच्या खालची पत्र्याची पट्टी काढून किंवा सेल्फ उतरवून त्या जागी तो बसवता येतो. सुझुकीने आपल्या जुन्या गाड्यांसाठी असं गिअर स्टॉपर स्पेशल टूल म्हणून दिलेलं आहे. विकत घेताना आपल्या इंजिनाच्या कोडचं नाव सांगून घ्या. ‘सगळ्याला चालतो’ म्हणून विकला जाणारा लॉक दात्यांत नीट बसत नसेल तर तो लॉक नाही. कमीत कमी दोन-तीन दाते पूर्ण खोलीवर अडकले पाहिजेत आणि लॉक स्वतः बोल्टने घट्ट हवा, हाताने धरलेला नको.

ऑटोमॅटिक गाडीत फ्लायव्हीलच्या जागी पातळ फ्लेक्स प्लेट असते. तिच्यावर एका बाजूने मोठा जोर पडला तर ती वाकू शकते. तिथे पुली होल्डर आधी बघा.

पुली होल्डर हा दुसरा चांगला मार्ग. होंडाच्या अनेक इंजिनांत पुलीच्या मध्यभागी 50 मिलीमीटरची षटकोनी खाच असते. तिच्यात होल्डर बसतो, होल्डरच्या मधल्या भोकातून सॉकेट जातं. पुलीला आरपार भोकं असतील तर दोन पिनांचा होल्डर लागतो. होल्डरचा दांडा लांब असू द्या आणि तो शक्यतो जमिनीला किंवा चासीच्या मजबूत भागाला टेकवा, म्हणजे तुमचे दोन्ही हात पान्ह्यावर मोकळे राहतात. रेडिएटर, एसीचा पाईप किंवा कंट्रोल आर्मचं रबर हे टेकवायला चालत नाही.

यापैकी काहीच नसेल तर गिअर आणि ब्रेकची जुनी पद्धत आहे. गाडी मॅन्युअल असेल तर पाचवा गिअर टाकायचा आणि मदतनीसाने ब्रेकचा पेडल पूर्ण ताकदीने दाबून धरायचा. पाचवाच का? पहिल्या गिअरमध्ये क्रँकवरचा जोर चाकापर्यंत जाताना कितीतरी पटीने वाढतो, ब्रेकला तो अडवणं कठीण जातं. वरच्या गिअरमध्ये तो बराच कमी वाढतो, आणि गिअरबॉक्स, शाफ्ट यांतली ढिलाईही क्रँकपाशी कमी जाणवते. इंजिन बंद असताना एक-दोनदा पेडल दाबला की ब्रेकचा बूस्टर रिकामा होतो आणि पेडल दगडासारखा होतो. तेव्हा मदतनीस दणकट हवा.

इथे एक चूक वारंवार होते. हँडब्रेक ओढून लोक निश्चिंत होतात. पुढच्या चाकांनी चालणाऱ्या गाडीत हँडब्रेक मागच्या चाकांना लागतो, क्रँकशी त्याचा काहीही संबंध येत नाही. पुढचं एक चाक काढलेलं असेल तर डिस्क चाकाच्या नटांनी नीट आवळून ठेवा.

या पद्धतीची मर्यादाही समजून घ्या. डस्टरच्या 110 पीएस इंजिनाचा कमाल टॉर्क 248 न्यूटन-मीटर आहे आणि क्लच त्याच हिशेबाने बनवलेला असतो. अडलेला बोल्ट त्याहून जास्त जोर मागू शकतो. क्लच झिजलेला असेल तर तो घसरतो आणि क्रँक हळूच फिरतो. शिवाय रबर माउंट, शाफ्ट, टायर सगळीकडे थोडा थोडा लवचिकपणा असतो. बोल्ट सोडवायला हे चालून जातं. आवळताना अँगल मोजायला मात्र ही पद्धत मला पसंत नाही. 90 अंशांतले किती अंश बोल्ट फिरला आणि किती अंश गाडीच हलली ते समजत नाही.

इम्पॅक्ट गनने सोडवायचा असेल तर धरायची गरज बहुधा पडत नाही, कारण तिचे लहान झटपट ठोके क्रँकच्या वजनावरच अडतात. सोडवायला वापरा, हरकत नाही. दोन अटी आहेत. टायमिंग पिन एकही आत नको, कारण तेच ठोके पिनवर बसतात. आणि आवळायला गन नको, कारण तिच्यात टॉर्कही मोजला जात नाही आणि अँगलही.

काय करू नये

रिंग गिअरमध्ये स्क्रू ड्रायव्हर किंवा टॉमी खुपसणं सगळीकडे चालतं. काही मॅन्युअलमध्येही मोठा स्क्रू ड्रायव्हर सांगितलेला असतो. तरी नवशिक्याने ते टाळावं असं मी सांगेन. स्क्रू ड्रायव्हरची दुसरी बाजू बेल हाउसिंगच्या ॲल्युमिनियमला टेकते, तिथे कोपरा उडतो. तो निसटला तर हात रिंग गिअरमध्ये जातो.

पान्हा चासीला टेकवून सेल्फ मारणं, हा ‘झटपट’ उपाय कुणीतरी नक्की सुचवेल. करू नका. पान्हा उडून माणसाच्या अंगावर येऊ शकतो. आणि होंडाच्या जुन्या बेल्टवाल्या इंजिनांसारखी काही इंजिनं उलट्या दिशेने फिरतात, तिथे सेल्फ मारल्यावर बोल्ट सुटायच्या ऐवजी आणखी आवळला जातो.

चेन पान्हा किंवा मोठी पक्कड पुलीच्या बाहेरच्या कड्याला लावू नका. बऱ्याच पुल्यांत आतला भाग आणि बाहेरचं कडं यांच्यामध्ये रबर असतं, ते डॅम्परचं, म्हणजे कंपन शोषायचं, काम करतं. बाहेरच्या कड्यावर एवढा जोर पडला तर रबर सुटतं. पुली दिसायला ठीक राहते आणि काही दिवसांनी डगमगत फिरायला लागते.

पेट्रोल इंजिनात प्लगच्या भोकातून सिलिंडरमध्ये सुती किंवा नायलॉनची दोरी भरून पिस्टन अडवायचीही एक पद्धत आहे. ती खरी आहे, पण तिच्यात दिशा कळली नाही तर व्हॉल्व्ह वाकतात. घड्याळाच्या दिशेने फिरणाऱ्या इंजिनात बोल्ट सोडवताना क्रँक उलटा फिरायला बघतो. म्हणून पिस्टन पॉवर स्ट्रोकवर, टीडीसी (पिस्टनची सगळ्यात वरची जागा) ओलांडून थोडा खाली आलेला हवा. तेव्हा दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात आणि उलट फिरताना पिस्टन वर येऊन दोरीवर दबतो. आवळताना मात्र तोच पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकवर वर येत असायला हवा. एक्झॉस्ट स्ट्रोकवर दोरी भरली तर उघडा व्हॉल्व्ह दोरीखाली सापडतो. जमिनीवर पडलेली दोरी वापरली तर तिच्यासोबत माती आत जाते, हे वेगळंच. डिझेलमध्ये ही पद्धत विसरा.

आता प्रत्यक्ष काम, के9के घेऊन

गाडी सपाट जागेवर उभी करा, मागच्या चाकांना ओट लावा, बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. तार काढायची ती फक्त शॉर्ट सर्किट टाळायला नाही. तुमचे हात बेल्टमध्ये असताना कुणी चावी फिरवू नये म्हणूनही. पुढची उजवी बाजू उचला, घोडीवर टेकवा. नुसत्या जॅकवर काम करायचं नाही. चाक आणि चाकाच्या आतलं प्लॅस्टिक काढा. एसी-अल्टरनेटरचा बाहेरचा बेल्ट काढा.

आता टायमिंगला हात लावायच्या आधीच क्रँकचा बोल्ट सोडवा. हा क्रम फार महत्त्वाचा आहे. बेल्ट जागेवर आहे, सगळं जोडलेलं आहे, या अवस्थेत क्रँक थोडा हलला तरी कॅम सोबतच हलतो आणि काही बिघडत नाही. फ्लायव्हील लॉक बसवा, सहा बाजूंचं सॉकेट बोल्टवर पूर्ण बसलंय हे बघा, लांब दांडा लावा आणि झटके न देता वाढत्या जोराने ओढा. ढकलण्यापेक्षा ओढलेलं बरं, बोल्ट एकदम सुटला तर माणूस गाडीवर आदळत नाही. बोल्ट सुटल्याचा ‘टक’ आवाज आला की थांबा.

फ्लायव्हील लॉक काढा. काढलाय याची खात्री करा. बोल्ट काढा, पुली काढा, कव्हर काढा. मग बोल्ट परत लावा, पण पुलीच्या जागी त्याच जाडीचा एखादा बुश किंवा वॉशर घालून, म्हणजे स्प्रॉकेट क्रँकवर दाबून राहतं आणि इंजिन फिरवता येतं. उजव्या बाजूचं इंजिन माउंट काढण्यापूर्वी इंजिनाला खालून लाकडाचा ठोकळा ठेवून जॅकचा आधार द्या. ऑईल पॅनवर थेट जॅक टेकवला तर पॅन चेपतो.

ब्लॉकच्या बाजूला टीडीसी पिनसाठी, म्हणजे क्रँकच्या टायमिंग पिनसाठी, एक प्लग असतो. तो काढा, भोकाभोवतीची माती आधीच पुसून घ्या. इंजिन घड्याळाच्या दिशेने, हाताने, हळू फिरवा. कॅमच्या स्प्रॉकेटमधलं भोक हेडमधल्या भोकाच्या जवळ आलं की थांबा. आता टीडीसी पिन आत पूर्ण स्क्रू करा. मग अगदी हलक्या हाताने क्रँक त्याच दिशेने पुढे न्या, तो पिनला टेकेपर्यंत. टेकणं हाताला कळतं. टेकल्यावर जोर लावायचा नाही. कॅमच्या स्प्रॉकेटमधून 8 मिलीमीटरची पिन हेडमध्ये सरळ गेली पाहिजे. जात नसेल तर हातोडी घेऊ नका. क्रँक मागे घेऊन पिन काढा आणि परत येऊन बघा. बऱ्याचदा क्रँक एक फेरी चुकलेला असतो, कारण क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅम एकदाच फिरतो.

इथून पुढे बेल्ट सुटेपर्यंत आणि नवा बसेपर्यंत क्रँक फक्त या पिनच्या भरवशावर आहे. या काळात क्रँकच्या बोल्टवर पान्हा लावायचाच नाही. काही लोक टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) ढिला करताना सहज क्रँक थोडा पुढे-मागे करतात. बेल्ट नसताना क्रँक फिरला की पिस्टन वर येतो आणि उघडा व्हॉल्व्ह त्याच्या वाटेत असतो. हाताच्या जोरानेही व्हॉल्व्ह वाकू शकतो.

काही कारणाने बेल्ट नसताना कॅम फिरवणं भाग पडलं, तर चार सिलिंडरच्या इंजिनात एक सुरक्षित जागा आहे. पिन काढून क्रँक टीडीसीपासून 90 अंश मागे नेला की चारही पिस्टन सिलिंडरच्या साधारण मध्यावर येतात आणि कॅम मोकळेपणाने फिरवता येतो. मग कॅम जागेवर आणून क्रँक परत पुढे आणायचा. तीन सिलिंडरच्या इंजिनात सगळे पिस्टन मध्यावर येतील अशी जागा नसते. तिथे हा उपाय लावू नका.

चावी नसलेला स्प्रॉकेट

काही इंजिनांत क्रँक आणि स्प्रॉकेट यांच्यात चावी, म्हणजे स्प्रॉकेट घसरू नये म्हणून खाचेत बसणारा लोखंडी तुकडा, नसते, किंवा ती फक्त बसवताना जागा दाखवण्यापुरती असते. बोल्टच्या दाबाने, निव्वळ घर्षणावर, स्प्रॉकेट आणि पुली जागेवर राहतात. फोर्डची सिग्मा घराण्यातली पेट्रोल इंजिनं आणि रेनोचं के4एम ही याची उदाहरणं. अशा इंजिनात बोल्ट ढिला झाला त्या क्षणी टायमिंग गेलं असं समजायचं, मार्क जुळलेले दिसले तरी. ही इंजिनं पिनांशिवाय, मार्कवर भरवसा ठेवून कधीही करू नका.

म्हणून अशा इंजिनात, आणि के9केमध्येही, क्रँकचं टोक, स्प्रॉकेटचं भोक आणि पुलीचा टेकणारा पृष्ठभाग ब्रेक क्लीनरने पूर्ण कोरडे करा. ऑईलचा पातळ थर राहिला तरी चालत्या इंजिनात स्प्रॉकेट घसरू शकतं. गॅरेजमध्ये जिथे तिथे ग्रीस लावायची सवय असते, ती इथे आवरा.

आवळणं आणि तपासणं

नवा बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप बसवून टेन्शन दिलं की पिना काढा. दोन्ही. काढून ट्रेमध्ये ठेवा आणि मोजा. मगच मधला बुश काढून खालचं कव्हर आणि पुली लावा, फ्लायव्हील लॉक परत बसवा आणि पुलीचा बोल्ट आवळायला घ्या.

अँगलने आवळायचा बोल्ट नवाच घ्या. तो आवळताना ताणला जातो, दुसऱ्यांदा तेवढाच दाब देईल याची खात्री नसते. किटमध्ये बोल्ट नसेल तर वेगळा मागवा. के9केमध्ये पुलीचे बोल्ट एम12 आणि एम14 अशा दोन जाडीचे आलेले आहेत आणि दोघांचे आकडे वेगळे आहेत. तेव्हा तुमच्या गाडीचा बोल्ट मोजून त्याचाच आकडा मॅन्युअलमधून घ्या, शेजारच्या गॅरेजमधला ऐकीव नको. मॅन्युअलमध्ये सांगितलं नसेल तर आट्यांना ऑईल लावू नका. ऑईलने तोच टॉर्क बोल्टला जास्त ताणतो.

टॉर्क रेंचने पहिला टप्पा करा. नंतर बोल्टच्या डोक्यावर आणि पुलीवर एका रेषेत पांढऱ्या रंगाची खूण करा. अँगल गेज असेल तर उत्तम. नसेल तर बोल्टच्या डोक्याच्या सहा कोपऱ्यांपैकी लागोपाठच्या दोन कोपऱ्यांत 60 अंश असतात, त्यावरून मोजता येतं. एका ओढीत पूर्ण अँगल करायचा प्रयत्न करा, मध्ये थांबावं लागलं तर लॉक हललेला नाही हे बघून पुढे जा. पुलीवरची खूण ब्लॉकच्या तुलनेत जागेवर आहे की नाही हे बघितलं की क्रँक फिरला का ते लगेच कळतं.

लॉक काढा. आता इंजिन हाताने घड्याळाच्या दिशेने पूर्ण दोन फेऱ्या फिरवा. मध्ये कुठेही कडक अडथळा लागला तर तिथेच थांबा, जोर लावू नका, बेल्ट परत बघा. कॉम्प्रेशनचा दाब हळूहळू वाढून हळूहळू सुटतो, अडथळा एकदम लागतो. हाताला हा फरक पहिल्याच वेळी कळतो. दोन फेऱ्या झाल्या की टीडीसी पिन परत स्क्रू करा, क्रँक हलकेच टेकवा, आणि कॅमची पिन बोटाने जाते का बघा. बोटाने गेली पाहिजे. दात्याचा एखादा मिलीमीटर ‘चालेल’ असं स्वतःला सांगू नका. गेली नाही तर टेन्शन सोडून पुन्हा बसवा. टेन्शनरची खूणही या दोन फेऱ्यांनंतरच शेवटची तपासायची असते.

सगळं जुळलं की पिना काढा आणि टीडीसीच्या भोकाचा प्लग वॉशर किंवा सील लावून परत बसवा. हा प्लग विसरला तर इंजिन चालू होताच ऑईल बाहेर यायला लागतं. ट्रेमध्ये दोन पिना, फ्लायव्हील लॉक, त्याचे बोल्ट आणि जुना क्रँक बोल्ट, एवढं सगळं दिसल्याशिवाय बॅटरी जोडायची नाही. वरचं कव्हर, काढलेलं इंजिन माउंट आणि बाहेरचा बेल्ट लावा, मगच चावी फिरवा. पहिल्यांदा सुरू झाल्यावर इंजिन रेस करू नका, आयडलवर ठेवून बेल्टच्या कव्हरजवळ कान द्या. घासल्याचा किंवा शीळ घातल्यासारखा आवाज आला तर लगेच बंद करा. आवाज नसेल तर कुलंट तपासा आणि बेल्ट बदलल्याची तारीख आणि किलोमीटर लिहून स्टिकर कव्हरवर लावा. जुना क्रँक बोल्ट भंगारात टाका, डब्यात ठेवू नका, नाही तर कुणीतरी तो पुढच्या गाडीला लावेल.